ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (एडी) २५० ठेवूनही बॅकअपचा स्टॅटिक राउटच का निवडला जातोय?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. दोन रात्री यातच गेल्या, म्हणून आता इथे मांडतो.

आमच्या ऑफिसमधून पलीकडच्या डेटा सेंटरला दोन लाइन जातात. मुख्य लाइन १ जीबीपीएसची, तिच्यावर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) चालतं. दुसरी २० एमबीपीएसची, फक्त अडीअडचणीला. पलीकडे १०.२०.३०.० या नेटवर्कात आमचे तीन सर्व्हर आहेत आणि काहीही झालं तरी तिथपर्यंत पोचता आलंच पाहिजे. म्हणून दुसऱ्या लाइनवरून एक स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, राउट टाकून ठेवला होता: १०.२०.३०.०/२४, नेक्स्ट हॉप १०.२५५.१.२, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स २५०. ओएसपीएफचा डिस्टन्स ११०, आणि लहान आकडा जिंकतो. म्हणजे मुख्य लाइन चालू आहे तोवर स्टॅटिक गप्प राहणार, ती पडली की पुढे येणार. आठ महिने हे बिनबोभाट चाललं. मध्यंतरी दोनदा मुख्य लाइन पडली, दोन्ही वेळा कुणाला पत्ताही लागला नाही.

परवा रात्री १ वाजता नेहमीची डेटा कॉपी सुरू झाली. सुमारे २०० जीबी असतात, ४० मिनिटांत उरकतं. सकाळी ७ ला बघतो तर जेमतेम ५० जीबी गेलेले आणि २० एमबीपीएसची लाइन काठोकाठ भरलेली. मुख्य लाइन ठणठणीत, ओएसपीएफचा शेजारी फुल स्टेटमध्ये, एरर शून्य. राउटरमध्ये कुणी लॉगिनसुद्धा केलेलं नाही, लॉग तपासले.

राउटरच्या टेबलमध्ये आत्ता हे दिसतंय (कंसात डिस्टन्स/कॉस्ट):

ओएसपीएफ: १०.२०.०.०/१६ [११०/२०], १०.२५५.०.२ मार्गे
स्टॅटिक: १०.२०.३०.०/२४ [२५०/०], १०.२५५.१.२ मार्गे
डिफॉल्ट: ०.०.०.०/०, इंटरनेटच्या दिशेने

११० हा २५० पेक्षा लहान आहे, मग २५० वाला का जिंकतोय? राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बग असेल का? अपग्रेड करायचं तर मला वरून परवानगी काढावी लागेल, म्हणून आधी खात्री हवी.

एक_हॉप

ओएसपीएफची कॉस्ट जास्त वाटतेय. २० आहे ती १० करून बघा. नाहीतर स्टॅटिकचा डिस्टन्स २५४ करा. आमच्याकडे असंच काहीसं झालं होतं, तेव्हा कॉस्ट कमी केल्यावर सुटलं.

जुनी_तार

रात्रपाळी, अपग्रेडची परवानगी मागू नका. राउटर बरोबर आहे. कॉस्टला आणि डिस्टन्सलाही हात लावू नका, १ ठेवा नाहीतर २५४, निकाल हाच येईल. तुमच्या टेबलमधल्या पहिल्या दोन ओळी एकमेकींच्या स्पर्धक नाहीतच, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मी सोळा वर्षं हे काम करते आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात हे कागदावर काढून दाखवते, कारण डिस्टन्स, मेट्रिक (म्हणजे ती कॉस्ट) आणि प्रीफिक्सची लांबी (पत्त्याचे पहिले किती बिट बघायचे, तो / नंतरचा आकडा) या तीन गोष्टी जवळजवळ सगळेच एका रांगेत उभ्या करतात. त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामासाठी वापरल्या जातात.

पहिली वेळ टेबल भरतानाची. तेव्हा कुठलंही पॅकेट समोर नसतं. राउटरला एकाच नेटवर्कची माहिती दोन ठिकाणांहून मिळाली, समजा १०.२०.३०.०/२४ ओएसपीएफनेही सांगितलं आणि स्टॅटिकमध्येही लिहिलंय, तर टेबलमध्ये कुणाचं ठेवायचं? इथे डिस्टन्स बघतात. आणि एकाच प्रोटोकॉलने त्याच नेटवर्कचे दोन रस्ते दिले तर मेट्रिक. पण 'एकच नेटवर्क' म्हणजे पत्ता आणि प्रीफिक्सची लांबी, दोन्ही तंतोतंत तीच. १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.३०.०/२४ ही राउटरच्या दृष्टीने दोन वेगळी नावं आहेत. त्यामुळे दोघांना टेबलमध्ये आपापली जागा मिळाली. तुमच्या /२४ ला आता दुसरा दावेदारच नाही, मग त्याचा डिस्टन्स कितीही असो, तो आत येणारच.

दुसरी वेळ पॅकेट आल्यावरची. तेव्हा डिस्टन्सही बघत नाहीत, मेट्रिकही नाही. पॅकेटच्या पत्त्याशी जे जे प्रीफिक्स जुळतात त्यातला सर्वांत लांब घ्यायचा, एवढा एकच नियम. /२४ हा /१६ पेक्षा लांब. विषय संपला.

हे 'जुळणं' म्हणजे नेमकं काय, ते एकदा बिट मांडूनच बघा. समजा सर्व्हरचा पत्ता १०.२०.३०.७७ आहे. पहिले दोन आकडे, १० आणि २०, म्हणजे १६ बिट, सगळीकडे सारखेच धरू. तिसरा आकडा ३०, बायनरीत ०००१ १११०. आता कल्पना करा की टेबलमध्ये आणखी काही राउट आहेत:

१०.२०.१६.०/२०. तिसरा आकडा १६, म्हणजे ०००१ ००००. लांबी २०, म्हणजे तिसऱ्या आकड्यातले फक्त पहिले चार बिट बघायचे. इकडे ०००१, तिकडे ०००१. जुळला.

१०.२०.२८.०/२२. २८ म्हणजे ०००१ ११००. सहा बिट बघायचे: ०००१११ आणि ०००१११. जुळला.

१०.२०.३१.०/२४. ३१ म्हणजे ०००१ ११११. आठही बिट बघायचे. शेवटचा वेगळा निघाला. हा बाद.

या तिसऱ्यावर जरा थांबा, कारण इथे भलेभले चुकतात. पत्त्याचे पहिले २३ बिट या राउटशी जुळतात, २२ वाल्यापेक्षा एक जास्त. तरी तो बाद आहे. जास्तीत जास्त बिट जुळणारा राउट शोधायचा असं नसतंच. राउटने जेवढी लांबी सांगितली तेवढे सगळे बिट जुळलेच पाहिजेत, एक जरी चुकला तर तो राउट यादीतून गेला. जे पूर्ण जुळले त्यांच्यातच मग लांबीची तुलना. तुमच्या पॅकेटसाठी /०, /१६, /२०, /२२ आणि /२४ (३० वाला) असे पाच पूर्ण जुळतात आणि त्यात /२४ जिंकतो. डिफॉल्ट राउटची लांबी शून्य, म्हणजे एकही बिट बघायचा नाही, म्हणून तो प्रत्येक पत्त्याशी जुळतो आणि प्रत्येकाशी हरतो. त्यासाठी वेगळा नियम केलेला नाही, याच नियमाचं ते टोक आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, आठ महिने चाललं ते आत्ताच का बिघडलं. पलीकडच्या टीमने समरी केली असणार. आधी ते ओएसपीएफमध्ये /२४ सुटे पाठवत होते. तेव्हा तुमच्या स्टॅटिकशी बरोबरीचा स्पर्धक होता, दोघंही /२४, त्यामुळे ११० विरुद्ध २५० हा सामना खरोखर होत होता. त्यांनी सगळं गोळा करून एक /१६ केला, सुटे /२४ नाहीसे झाले आणि सामना संपला. तुमच्या राउटरमध्ये कुणी लॉगिन केलं नव्हतं हे म्हणूनच खरं आहे. बदल तुमच्या बाजूला झालेलाच नाही. त्यांना फोन करून विचारा, परवाच्या मेंटेनन्स विंडोमध्ये एरिया रेंज (ओएसपीएफमधली समरीची सेटिंग) लावली का.

एक_हॉप, तुमच्याकडे कॉस्ट कमी करून सुटलं, म्हणजे तिथे दोन्ही रस्ते ओएसपीएफचेच आणि एकाच लांबीचे असणार. तिथे ते बरोबरच होतं. इथे ओएसपीएफची कॉस्ट १ केली तरी /१६ चा /२४ होत नाही.

रात्रपाळी

ताई, फोन केला. परवा रात्री ११ ला त्यांनी एरिया रेंज लावलीय, १०.२०.०.०/१६. आम्हाला कळवायचं राहिलं म्हणाले.

दोन गोष्टी विचारू का? एक, हा नियम असा का ठेवला? लांबीला एवढं महत्त्व की बाकी काही बघायचंच नाही, हे मला अजून पटत नाही. आणि दुसरं, समजा उद्या २० एमबीपीएसची लाइन मध्येच कुठेतरी तुटली, तर राउटर निदान तेव्हा तरी /१६ कडे वळेल ना?

जुनी_तार

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते जास्त घाईचं आहे. नाही, वळणार नाही.

राउटर /२४ निवडतो आणि पॅकेट त्या दिशेला सोडून देतो. पुढे ते पोचलं की नाही हे त्याला कळत नाही, आणि 'हा चालला नाही, आता त्याहून आखूड बघू' असा दुसरा फेरा नसतो. /२४ टेबलमधून निघाला तरच /१६ ची पाळी येते. स्टॅटिक राउट टेबलमधून कधी निघतो? इंटरफेस डाउन झाला, किंवा नेक्स्ट हॉपकडे जायचा रस्ताच उरला नाही, तर. लाइन मध्येच तुटली आणि तुमच्या राउटरच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहिला, तर राउट जागेवर राहतो आणि सगळी पॅकेटं खड्ड्यात जातात, शेजारी १ जीबीपीएसची लाइन मोकळी असताना. आज ती लाइन तुटली तर तुमचं नेमकं हेच होईल. म्हणून आज रात्रीच्या कॉपीच्या आधी तो स्टॅटिक काढून टाका. बॅकअप नसलेली एक रात्र परवडली, चुकीचा बॅकअप नको. पुढे कायमचा मार्ग काढाल तेव्हा बीएफडी (लाइन जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) किंवा निदान पिंगवर चालणारं ट्रॅकिंग लावाच.

यातलं मी स्वतः अनुभवलेलं सांगते. एका ठिकाणी चाचणीसाठी मी एका सर्व्हरचा /३२ राउट टाकला होता, एकाच पत्त्यासाठी. चाचणी संपली, राउट राहिला. वर्षभराने तो सर्व्हर, पत्ता तोच ठेवून, दुसऱ्या राउटरच्या मागे हलवला, आणि तिथल्या टीमने बाकी सगळं बरोबर केलं होतं. तरी तो सर्व्हर लागेना. त्याच्या अलीकडचा पत्ता पिंग होत होता, पलीकडचा होत होता, मधला नाही. फायरवॉल तपासली, केबल बदलली, सर्व्हरचं नेटवर्क कार्डही बदललं. पाच तास गेले. मग कुणीतरी राउटरमध्ये पूर्ण नेटवर्कऐवजी नुसता तो पत्ता देऊन टेबलला विचारलं आणि माझा /३२ वर आला. तेव्हापासून, शेजारचे पत्ते लागतात आणि एकच लागत नाही असं कुणी म्हटलं की केबलकडे जायच्या आधी मी /३२ शोधते.

आणि विचारताना नेहमी पूर्ण पत्ता देऊन विचारा: शो आयपी राउट १०.२०.३०.७७. लिनक्सवर आयपी राउट गेट आणि पुढे पत्ता. अख्खं टेबल स्क्रीनवर काढून डोळ्यांनी शोधलं की /१६ आधी दिसतो, मन तिथेच थांबतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, नियम असा का. हा नियम नसता तर समरी करणंच अशक्य झालं असतं.

१९९३ च्या आधी पत्त्यावरूनच लांबी कळायची. ए वर्गाचं नेटवर्क ८ बिटांचं, बी १६, सी २४, आणि पहिले एक-दोन-तीन बिट बघून वर्ग ओळखता यायचा. पण बी वर्गाचे पत्ते संपत चालले होते आणि सी वर्गाच्या सुट्या सुट्या नेटवर्कांनी टेबलं फुगत होती. सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) सीआयडीआर आणलं: वर्ग मोडीत, लांबी कुठलीही चालेल, आणि शेजारशेजारची नेटवर्कं एका आखूड प्रीफिक्समध्ये गुंडाळून जाहीर करा. इथे लगेच पेच पडतो. समजा एका सेवादात्याकडे /१६ आहे आणि त्यातला एक /२४ घेतलेला ग्राहक दुसऱ्या सेवादात्याकडे गेला, पत्ते तेच ठेवून. आता पहिल्याने काय करायचं? त्या एका ग्राहकासाठी आपला /१६ फोडायचा?

फोडायचा म्हणजे काय, ते तुमच्याच नेटवर्कावर करून बघा. १०.२०.०.०/१६ मधून १०.२०.३०.०/२४ एवढा एक तुकडा वगळून उरलेलं लिहायचं तर हे लागतं: १०.२०.१२८.०/१७, १०.२०.६४.०/१८, १०.२०.३२.०/१९, १०.२०.०.०/२०, १०.२०.१६.०/२१, १०.२०.२४.०/२२, १०.२०.२८.०/२३ आणि १०.२०.३१.०/२४. एका अपवादासाठी एकाच्या आठ ओळी. लांब प्रीफिक्स जिंकतो हा नियम असला की पहिल्याचा /१६ तसाच राहतो, दुसरा फक्त तो /२४ जाहीर करतो, आणि जगातला प्रत्येक राउटर कुणालाही न विचारता त्या ग्राहकाचं ट्रॅफिक योग्य बाजूला नेतो. मोठ्या राउटने सर्वसाधारण गोष्ट सांगायची, लहान तुकड्याने अपवाद. ज्याने तुकडा मुद्दाम वेगळा लिहिला त्याला त्या तुकड्याबद्दल जास्त माहिती आहे, असं नियमाने गृहीत धरलंय. १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये, म्हणजे आयपीव्ही४ राउटरने काय काय केलंच पाहिजे त्या दस्तऐवजात, हा नियम आला.

मला हा नियम फार आवडतो, हे कबूल करते. कुठल्याही दोन राउटरना एकमेकांशी बोलावं लागत नाही, तरी जगभर अपवाद जागच्या जागी पाळले जातात.

पण ते गृहीतक, 'ज्याने तुकडा लिहिला त्याला जास्त माहिती आहे', नेहमी खरं नसतं. तुमच्या स्टॅटिकच्या बाबतीत खरं नव्हतं. आणि २४ फेब्रुवारी २००८ ला अख्ख्या इंटरनेटने त्याचा फटका खाल्ला. यूट्यूब तेव्हा २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमला देशातल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं, त्यासाठी त्यांनी २०८.६५.१५३.०/२४ असा राउट टाकला, आणि तो त्यांच्या वरच्या सेवादात्यामार्फत युटीसी १८:४७ ला बाहेर जगात पसरला. /२२ पेक्षा /२४ लांब. बाकी काही बघायचं कारणच नव्हतं, जगभरचं यूट्यूबचं ट्रॅफिक तिकडे वळलं. २०:०७ ला यूट्यूबने स्वतःही तोच /२४ जाहीर केला, पण आता दोघं बरोबरीत आले, ज्याला जो जवळ तो त्याने घेतला. २०:१८ ला त्यांनी त्याचे दोन /२५ केले, आणखी लांब. शेवटी २१:०१ ला त्या वरच्या सेवादात्याने चुकीचा राउट काढून घेतला. त्या दोन तासांत जे लढलं गेलं ते निव्वळ प्रीफिक्सच्या लांबीवर.

आज बहुतेक सेवादाते आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लांब राउट बाहेरून घेत नाहीत, आणि आरपीकेआयमध्ये (कुठला प्रीफिक्स कुणी जाहीर करायचा याच्या नोंदी) आपल्या प्रीफिक्सची कमाल लांबी नोंदवता येते. ती लांबी मात्र आपण खरोखर जाहीर करतो तेवढीच ठेवावी. '/२४ पर्यंत चालेल' असं सढळ हाताने लिहिलं की, मूळ म्हणून तुमचाच एएस क्रमांक (तुमच्या नेटवर्कचा इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) दाखवून तुमच्याहून लांब तुकडा जाहीर करायची वाट आपणच मोकळी ठेवतो.

खिडकी_क्रमांक_६

छान चर्चा. एक शंका. घरून काम करताना मी व्हीपीएन लावतो आणि सगळं ट्रॅफिक त्यातून जातं. पण लॅपटॉपचं टेबल पाहिलं तर माझा जुना डिफॉल्ट राउट तसाच आहे, मेट्रिकही तीच. मग हे कसं?

जुनी_तार

टेबलमध्ये ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन राउट दिसतील, दोन्ही व्हीपीएनकडे. अख्ख्या पत्त्यांचे दोन अर्धे भाग. दोघं मिळून सगळं व्यापतात आणि /१ हा /० पेक्षा एका बिटाने लांब, त्यामुळे जुना डिफॉल्ट जागेवर राहूनही कुणी त्याच्याकडे जात नाही. व्हीपीएन बंद केलं की ते दोन काढले, झालं, जुन्याला धक्काही नाही. ओपनव्हीपीएनमध्ये हा पर्याय आहे. त्याच टेबलमध्ये व्हीपीएन सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याचा एक /३२ असेल, जुन्या गेटवेमार्गे. तो नसता तर बोगद्याची पॅकेटंच बोगद्यात शिरली असती.

बिटमोजणी

मी राउटरच्या आतल्या बाजूला काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. जागतिक आयपीव्ही४ टेबलमध्ये आता नऊ लाखांहून जास्त प्रीफिक्स आहेत, आणि प्रत्येक पॅकेटसाठी त्यातला सर्वांत लांब शोधायचा. एकेक ओळ तपासत बसलं तर काही खरं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे झाडाने करतात. मुळापासून सुरू करायचं, पत्त्याचा बिट ० असेल तर डावीकडे, १ असेल तर उजवीकडे. वाटेत जिथे जिथे राउट लावलेला दिसेल तो लक्षात ठेवायचा, पुढे फांदी संपली की शेवटचा लक्षात ठेवलेला तो उत्तर. लिनक्समध्ये याचीच आटवलेली आवृत्ती आहे, एका पावलात बरेच बिट ओलांडणारी. दुसरी एक पद्धत १९९८ मध्ये मांडली गेली, ती मला सर्वांत देखणी वाटते: पहिल्या २४ बिटांसाठी सरळ १,६७,७७,२१६ खणांचं एक टेबल. प्रत्येक खण दोन बाइटचा, म्हणजे ३२ एमबी. पत्त्याचे २४ बिट घेतले की तोच खणाचा क्रमांक, एका वाचनात उत्तर. /२४ पेक्षा लांब राउट असेल तर खणात दुसऱ्या छोट्या टेबलचा पत्ता, म्हणजे दोन वाचनं. बस. डीपीडीके या वेगवान पॅकेट हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही हीच पद्धत आहे.

मोठ्या राउटरमध्ये टीकॅम नावाची खास शोधाची मेमरी असते. त्यात प्रत्येक बिट ०, १ किंवा 'काहीही चालेल' असा ठेवता येतो, आणि सगळ्या ओळी एकाच वेळी पत्त्याशी ताडल्या जातात. बऱ्याच ओळी जुळल्या तर सर्वांत वरची जिंकते. म्हणून लांब प्रीफिक्स वर, आखूड खाली अशी मांडणी ठेवतात. जुनी_तार यांनी सांगितलेला सगळा नियम तिथे नुसत्या वर-खाली जागेत उतरलेला असतो. टीकॅम महाग आणि तापणारं, त्यामुळे जागा मोजकी. १२ ऑगस्ट २०१४ ला जागतिक टेबल ५१२ हजारांच्या रेषेला भिडलं आणि ज्या जुन्या राउटरमध्ये आयपीव्ही४ साठी तेवढीच जागा राखलेली होती ते ठिकठिकाणी अडखळले. जागा वाटून द्यायची एक सेटिंग होती, ती बदलून राउटर रीस्टार्ट करावा लागायचा.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टॅटिक त्याच संध्याकाळी काढला, रात्रीची कॉपी मुख्य लाइनवरून झाली. आता कायमचं काय करावं? मी तीन पर्याय लिहिलेत:

क) स्टॅटिकही /१६ करायचा, डिस्टन्स २५०.
ख) मुख्य लाइनवरूनही १०.२०.३०.०/२४ चा एक स्टॅटिक टाकायचा, डिस्टन्स १, ट्रॅकिंगसह.
ग) पलीकडच्यांना सांगून /२४ पुन्हा सुटा मागायचा.

जुनी_तार

क नको. मुख्य लाइन पडली की अख्ख्या /१६ चं ट्रॅफिक २० एमबीपीएसवर येईल आणि तुमचे तीन सर्व्हर त्याच गर्दीत गुदमरतील. ज्यांच्यासाठी लाइन ठेवली त्यांनाच जागा मिळणार नाही.

ख चालेल. बरोबरीचे दोन /२४ झाले की डिस्टन्सला पुन्हा अर्थ येतो. पण तो स्टॅटिक ओएसपीएफला बगल देतो. उद्या पलीकडे राउटर बदलला, पत्ते हलले, तर ओएसपीएफ आपोआप सावरेल आणि तुमचा /२४ जुन्याच दिशेला बोट दाखवत राहील. माझा /३२ आठवा.

माझं मत ग. पण ओएसपीएफमध्ये रेंज लावली की तिच्यातले सगळे सुटे राउट दडपले जातात, एखादाच बाहेर ठेवता येत नाही. रेंजच वेगळी आखावी लागेल. वर लिहिलेल्या आठ ओळी त्यांना देऊ नका, कुणीही नकार देईल. आधी विचारा, त्या /१६ मधलं त्यांनी प्रत्यक्षात काय काय वापरलंय. बहुतेक वेळा /१६ ही सोय म्हणून लिहिलेली असते, गरज म्हणून नाही.

आणि तिथे समरीसाठी नल राउट (पॅकेट टाकून देणारा राउट) आहे ना, तेही बघायला सांगा. रेंज लावणारा राउटर सहसा आपणहून टाकतो. तो नसेल आणि त्यांचा डिफॉल्ट तुमच्याकडे असेल, तर न वापरलेल्या पत्त्याचं पॅकेट तुमच्याकडून /१६ ने तिकडे जाईल, तिकडून डिफॉल्टने परत इकडे येईल, आणि टीटीएल (पॅकेटच्या उरलेल्या उड्यांचा आकडा) संपेपर्यंत असंच फिरत राहील. नल राउट डिफॉल्टपेक्षा लांब असल्यामुळे ते तिथेच टाकून देतो.

रात्रपाळी

झालं, म्हणून शेवटचं कळवतो.

विचारल्यावर निघालं की त्यांच्याकडे फक्त १०.२०.३०.० आणि १०.२०.६४.० ते १०.२०.९५.२५५ एवढंच वापरात आहे. रेंज १०.२०.०.०/१६ ऐवजी १०.२०.६४.०/१९ केली. त्यांचीही एकच ओळ राहिली आणि ३० चा /२४ आपोआप सुटा बाहेर आला. नल राउट होता.

काल रात्री २ वाजता दोन्ही बाजूंच्या लोकांना फोनवर घेऊन चाचणी केली. स्टॅटिक परत टाकला, डिस्टन्स २५०, ट्रॅकिंगसह. टेबलला १०.२०.३०.७७ विचारलं: ओएसपीएफ, [११०/२०]. मग मधल्या स्विचवर मुख्य लाइन तोडली, आमचा पोर्ट मुद्दाम चालूच ठेवला. ४० सेकंद काहीच पोचत नव्हतं, ओएसपीएफचा डेड टायमर (शेजारी गेला असं ठरवायच्या आधी वाट बघायचा वेळ) तेवढाच आहे. ४० संपल्यावर टेबलमध्ये स्टॅटिक [२५०/०] आला आणि पिंग सुरू झालं. लाइन जोडली, पुन्हा ११०. ते ४० सेकंद कमी करायला मुख्य लाइनवर बीएफडी लावतोय, पुढच्या आठवड्यात.

अजून एक सापडलं. पलीकडून आमच्याकडे यायचा त्यांचा बॅकअप स्टॅटिकही /२४ होता, आणि आम्ही मात्र त्यांना /२२ ची समरी पाठवत होतो. म्हणजे उत्तराची पॅकेटं किती महिने २० एमबीपीएसवरून येत होती कोण जाणे. आमची कॉपी इकडून तिकडे जाते, परतीला फक्त पोचपावत्या, म्हणून कधी जाणवलं नाही. आमची समरी काढली, आता तोही सरळ झाला.